हिरव्या रिपोर्टचं दुसरं पान

आमचं युनिट नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. चौदा माणसं, पाच पॉवर प्रेस, एक व्हीएमसी आणि कोपऱ्यात टूलरूम म्हणावी अशी बारा बाय वीसची जागा. अण्णांनी सुरू केलं, आता मी बघते. आतापर्यंत साध्या पत्र्याची कामं होती, म्हणजे क्लॅम्प, वॉशर, छोट्या ब्रॅकेट. गेल्या वर्षी पहिल्यांदा डीपी ५९० या जास्त ताकदीच्या पोलादी पत्र्याचं काम घेतलं आणि पहिल्यांदाच सिम्युलेशन, म्हणजे पत्रा साच्यात कसा वागेल याचा संगणकावरचा अंदाज, करून घेतलं. जूनमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण डिसेंबरच्या शेवटी मिटलं. त्या सहा महिन्यांत कोणी आधी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझे लाखभर रुपये आणि बरीचशी झोप वाचली असती, म्हणून हे लिहितेय.

१८ जून २०२४ ला कस्टमरची मेल आली. सीटखाली बसणारी यू आकाराची ब्रॅकेट, जाडी १.६ मिमी, आतली त्रिज्या ३ मिमी, फ्लँजची (वाकवून उभ्या केलेल्या बाजूची) लांबी ३४ मिमी. चार टूल्स, म्हणजे पत्र्याला आकार देणारे डाय-पंचचे साचे, मिळून ११ लाख ४० हजारांचं काम. खाली एक ओळ होती: टूलचा ४० टक्के ॲडव्हान्स फॉर्मिंग सिम्युलेशनचा रिपोर्ट मंजूर झाल्यावर मिळेल. म्हणजे ४ लाख ५६ हजार रुपये एका पीडीएफवर अडलेले.

सॉफ्टवेअर विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. पुण्यातल्या दोन सर्व्हिस देणाऱ्यांकडून कोटेशन मागवलं. एकाचं ६५ हजार, दुसऱ्याचं ३८ हजार अधिक जीएसटी, म्हणजे ४४,८४०. मी अर्थातच दुसरं घेतलं. महागड्या माणसाने फोनवर पंधरा प्रश्न विचारले होते: कॉइल (पत्र्याची गुंडाळी) कुठल्या मिलची, प्रेस कुठली, तेल कोणतं, ब्लँक होल्डरला (कापलेला सपाट पत्रा, म्हणजे ब्लँक, दाबून धरणारा भाग) स्प्रिंग की गॅस. स्वस्तवाल्याने एक पानाचा फॉर्म पाठवला. त्यात मटेरियलच्या रकान्यात मी ‘डीपी ५९०’ एवढंच भरलं आणि पाठवून दिलं. तेव्हा मला वाटलं होतं की जो कमी विचारतो त्याला जास्त येतं.

नऊ कामाचे दिवस थांबलो. रिपोर्ट आला, ३१ पानी, रंगीत. प्रत्येक चित्रात ब्रॅकेट हिरवीगार. पत्रा जास्तीत जास्त ११ टक्के पातळ होतो, फाटण्याचा धोका नाही, स्प्रिंगबॅक ३.८ अंश. स्प्रिंगबॅक म्हणजे वाकवलेला पत्रा सोडल्यावर थोडा परत उघडतो ते. तो उघडणार हे धरून डाय तेवढी जास्त वाकवून कापायची असते. कस्टमरने चार दिवसांत मंजुरी दिली, ॲडव्हान्स खात्यात आला. आम्ही डाय ४ अंश जास्त वाकवून कापायला घेतली.

आमचे फिटर मामा (वय एकसष्ट, सातपूरच्या कंपन्यांत आयुष्य गेलेलं) रिपोर्ट उलटसुलट बघून म्हणाले, “ताई, यात आपली प्रेस कुठंय?” मी हसले. पुढे महिनाभर ते हसू मला आठवत राहिलं.

गणपतीत दोन हात कमी होते, हार्डनिंगहून इन्सर्ट (डायचे सुटे भाग) उशिरा आले, आणि पहिला ट्रायआउट २४ सप्टेंबरला झाला. वीस नग काढले. पहिला नग चेकिंग फिक्स्चरवर ठेवला आणि फ्लँज दीड मिलिमीटरने बाहेर उभी राहिली. ड्रॉइंगवर टॉलरन्स ±०.५. कोन मोजला तर डायच्या कोनापेक्षा सरासरी ६.६ अंश उघडली होती. त्याहून वाईट म्हणजे पुढची फ्लँज ७.० आणि मागची ६.२. वीसपैकी तीन नगांना फ्लँजच्या कडेला बारीक चीर होती, अगदी रिपोर्टमध्ये सगळ्यात गडद हिरवी होती त्या जागी.

त्या रात्री मी जेवले नाही. चिडून पुण्याला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांत होता. त्याने एवढंच विचारलं, “मॅडम, दुसरं पान वाचलंत का?”

नव्हतं वाचलं. पहिल्या पानावर त्यांचा लोगो, तिसऱ्या पानापासून चित्रं. मधल्या पानावर बारीक अक्षरात दहा-बारा ओळी: टूल पूर्णपणे ताठ धरलं आहे. घर्षणाचा गुणांक सगळीकडे ०.१२. ब्लँक होल्डरचा दाब पूर्ण स्ट्रोकभर १८० किलोन्यूटन. मटेरियल सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतलं, यील्ड (पत्रा ज्या ताणाला कायमचा वाकायला लागतो तो) ३६५ मेगापास्कल. रोलिंगची दिशा भागाच्या लांबीला समांतर. लवचिकतेचा गुणांक (पोलाद किती ताठ ते सांगणारा आकडा) स्थिर. ब्लँकची कड निर्दोष. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. त्या दहा ओळी खऱ्या असत्या तर तो खरा होता. आमच्या शॉपमध्ये त्यातली जवळपास एकही खरी नव्हती, आणि हे त्याला सांगायचं काम माझं होतं.

पुढचे आठ दिवस आम्ही ते पान भिंतीला चिकटवून एकेक ओळ तपासली.

रोलिंगची दिशा पहिली निघाली, आणि ती चूक शंभर टक्के आमची. मटेरियल वाचवायला मी जुलैमध्ये ब्लँकचा लेआउट नव्वद अंशांनी फिरवला होता. पत्रा लाटताना त्याच्या अंगात दिशा भरते. लाटल्याच्या दिशेने आणि आडवा ओढला तर तो सारखा वागत नाही. लेआउट बदलल्याचं मी कोणालाच कळवलं नव्हतं. किलोमागे वाचवलेले पैसे कुठे गेले ते सांगायला नको.

मग मटेरियल. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर यील्ड ४२५ लिहिलेलं होतं आणि ते सर्टिफिकेट माझ्याच फाईलमध्ये होतं. ‘डीपी ५९०’ मधला ५९० हा आकडा किमान ताणशक्तीचा आहे. यील्ड किती हे त्यावरून ठरत नाही, आणि एकाच नावाखाली दोन कॉइलमध्ये पन्नास-साठ मेगापास्कलचा फरक सहज असतो. स्प्रिंगबॅक तर यील्ड भागिले लवचिकतेचा गुणांक या हिशोबाने वाढतो. साध्या पत्र्यात यील्डच कमी असल्यामुळे इतकी वर्षं आमचं दोन अंशांत भागत होतं.

एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये टेन्साइल टेस्ट करून घेतली. इथे थोडं थांबून सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. नमुने तीन दिशांनी कापा: लाटण्याच्या दिशेने, ४५ अंशांत आणि आडवे. प्रत्येकी तीन. शिअरवर कापू नका, वायरकटला द्या, नाहीतर कापलेल्या कडेचा परिणाम मोजणीत येतो. लॅबच्या फॉर्मवर ‘आयएस १६०८ प्रमाणे टेन्साइल’ एवढंच लिहिलंत तर तीन आकड्यांचं प्रमाणपत्र मिळेल आणि ते सिम्युलेशनला निरुपयोगी आहे. ताण-विकृतीचा पूर्ण आलेख, मशीनमधल्या कच्च्या आकड्यांच्या फाईलसकट, आणि एन आणि आर व्हॅल्यू (पत्रा ताणताना किती कडक होतो आणि पातळ व्हायला किती विरोध करतो ते आकडे) हव्यात असं आधीच लिहून द्या. टेस्ट झाल्यावर मागितलं तर “सिस्टिममधून गेलं” असं उत्तर येतं. मला पहिल्यांदा तेच आलं, दोन दिवस आणि तीन नमुने फुकट गेले. सगळं मिळून ११,८०० रुपये आणि सहा दिवस. यील्ड निघालं ४१२, ४१८ आणि आडव्या दिशेने ४३१.

८ ऑक्टोबरला पहाटे पाचला पुण्याची गाडी धरली. नारायणगावला चहा होईपर्यंत मनात भांडणाची तालीम चालू होती. प्रत्यक्षात भांडण झालंच नाही. तो मुलगा (माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान असेल) म्हणाला, “एक-एक गोष्ट बदलून बघू या, सगळं एकदम नको.” दिवसभर शेजारी बसले. त्याचे २२ हजार अधिक जीएसटी वेगळे, पण पहिल्या ३८ हजारांपेक्षा हे पैसे मला जास्त वसूल झाले.

आमच्या कॉइलचा आलेख आणि खरी दिशा घातली. ३.८ चे ४.८ झाले.

मग त्याने लवचिकतेच्या गुणांकाची गोष्ट सांगितली. पोलादाचा हा आकडा २१० गिगापास्कलच्या आसपास, असं आपण कॉलेजात पाठ करतो आणि आयुष्यभर स्थिर धरतो. पत्रा कायमचा वाकल्यावर सोडताना मात्र तो तेवढा ताठ राहत नाही. जितकी विकृती जास्त तितका गुणांक उतरतो, डीपीसारख्या पोलादात दहा-वीस टक्क्यांपर्यंत. गुणांक कमी म्हणजे उघडणं जास्त. हे धरल्यावर ५.६.

पुढची पायरी आकडा उलट दिशेने घेऊन गेली. डायच्या त्रिज्येवरून सरकताना पत्रा आधी वाकतो आणि मग परत सरळ होतो. एकदा एका बाजूला ताणलेलं पोलाद उलट्या बाजूला लवकर नमतं. याला बाऊशिंगर परिणाम म्हणतात. साधं मॉडेल हे मानत नाही. त्याच्या लेखी पत्रा दोन्हीकडून सारखाच कडक होत जातो. बाऊशिंगर धरणारं मॉडेल लावल्यावर ५.२. त्यासाठी लागणारी ओढ-दाबाची चाचणी आमच्याकडे नव्हती, त्यामुळे त्याने प्रसिद्ध संशोधनातले आकडे घेतले आणि तसं दुसऱ्या पानावर लिहिलंसुद्धा.

म्हणजे पहिल्या रिपोर्टमध्ये दोन चुका परस्परविरुद्ध दिशांना ओढत होत्या. नशीब असतं तर त्यांनी एकमेकींना खाऊन टाकलं असतं आणि उत्तर बरोबर आलं असतं. मग मी आयुष्यभर त्या मॉडेलवर डोळे मिटून विसंबले असते! जेवताना त्याने सांगितलं की १९९३ च्या नुमिशीट (पत्र्याच्या सिम्युलेशनवरच्या) परिषदेत, जपानमध्ये, असाच यू आकाराचा पत्रा जगभरच्या लोकांना सोडवायला दिला होता. उत्तरं विखुरलेली आली, आणि नुसती संगणकाची नाहीत, प्रत्यक्ष प्रयोगांचीसुद्धा. हे ऐकून मला फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

ब्लँक होल्डरच्या गॅस सिलिंडरमुळे आकडा जेमतेम ०.१ ने हलला. नायट्रोजन दाबला जातो तसा त्याचा जोर वाढतो, म्हणजे दाब स्ट्रोकभर सारखा राहत नाही, पण आमच्या भागात त्याने फारसं बिघडत नव्हतं. घर्षण ०.१० आणि ०.१५ करून बघितलं तर इकडे-तिकडे ०.३. घर्षणाचा एकच आकडा ही तशी बाष्कळच समजूत आहे. आमच्याकडे तेल ब्रशने लावतात, सकाळच्या पाळीचा मुलगा हात राखून लावतो, दुपारचा आंघोळ घालतो. शिवाय सिम्युलेशनमधला नग नेहमी पहिला असतो, थंड टूलवरचा. आमच्या तीनशेव्या नगाला डाय हाताला गरम लागते.

एक शंका मीच काढली. रिपोर्टमधला पत्रा कागदासारखा दिसत होता, त्याला जाडी दिसेना. तो म्हणाला, शेल एलिमेंट, म्हणजे जाडी न दाखवणारे पृष्ठभागाचे तुकडे, आहेत, पत्रा त्रिज्येच्या मानाने पातळ असतो असं गृहीत धरतात. आमची त्रिज्या ३, जाडी १.६. म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. इतक्या आवळलेल्या वाकात हे गृहीतक लंगडं पडतं. घन एलिमेंट लावायचे तर वेळ आणि पैसे दोन्ही कित्येक पट. ते आम्ही सोडून दिलं. ५.३ वर थांबलो.

चिरेचं उत्तर त्याने पाच मिनिटांत दिलं. ते हिरवं-लाल ज्या रेषेवरून ठरतं ती फॉर्मिंग लिमिट रेषा, कीलर आणि गुडविन यांच्या साठच्या दशकातल्या कामातून आलेली. ती पत्रा मधोमध कुठे बारीक होऊन तुटेल ते सांगते. शिअरने कापलेल्या, बर (कापल्यावर राहणारी खरखरीत धार) आलेल्या, आधीच कडक झालेल्या कडेबद्दल ती काहीच बोलत नाही. डीपी पोलाद नेमकं तिथेच दगा देतं. आमच्या ब्लँकिंग पंचची धार गेली होती आणि क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) साध्या पत्र्याच्या सवयीने एका बाजूला जाडीच्या ८ टक्के ठेवला होता. परत आल्यावर १३ टक्के केला, धार लावली, बरची बाजू वाकाच्या आत घेतली. त्यानंतर चीर आलेली नाही.

एका बाबतीत मात्र सिम्युलेशनला पैकीच्या पैकी. ब्लँकची बाह्यरेषा ०.४ मिमीच्या आत बरोबर निघाली. आधी मामा लेझरवर तीन-चार ट्रायल ब्लँक कापून, घासून, परत कापून हे ठरवायचे, दोन आठवडे जायचे. या वेळी पहिल्याच झटक्यात जमलं. मामांनी ते मान्य केलं, पण तोंडाने नाही. नुसती मान हलवली.

राहिला पुढच्या-मागच्या फ्लँजमधला फरक. त्याचं उत्तर पुण्यात मिळणारं नव्हतं, कारण संगणकातलं टूल वाकत नाही आणि तिथे प्रेसच नसते. मामांनी सोल्डरच्या तारेचे तुकडे डायच्या चारही कोपऱ्यांत ठेवले, प्रेस एकदा खाली आणली आणि चेपलेले तुकडे मायक्रोमीटरने मोजले. मागे १.६२, पुढे १.७८. आमची २०० टनी प्रेस सी-फ्रेमची आहे, जोर आला की तिचा जबडा पुढून उघडतो. चाळीस रुपयांच्या तारेने जे सांगितलं ते ३१ पानांत नव्हतं. मग सातपूरला एकांकडे एच-फ्रेम प्रेस तासाला १,५०० रुपयांनी घेतली, सात तास लागले. तिथे दोन्ही फ्लँज ५.९ वर आल्या.

सिम्युलेशन ५.३, प्रत्यक्ष ५.९. उरलेले ०.६ कुठून येतात हे मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ते मी काढून देऊ शकतो, घर्षण थोडं कमी केलं की जुळेल. पण ते जुळवणं होईल, समजणं नाही.” त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. आम्ही ते ०.६ रीस्ट्राइक टूलवर (वाकवलेल्या नगाला शेवटचा ठोका देऊन कोन नीट करणारं टूल) सोडलं. तिथल्या इन्सर्टखाली शिम (पातळ पट्टी) घालून कोन बदलता येईल अशी सोय मामांनी केली.

खंडेनवमीला पूजेसाठी डाय उघडीच होती, तिच्यावर झेंडू ठेवला. रीकटला ६२ हजार गेले. २२ ऑक्टोबरचा ट्रायआउट फिक्स्चरवर बसला, पण एच-फ्रेम प्रेसवर. मंजूर प्रोसेस फ्लोमध्ये मात्र आमची स्वतःची प्रेस लिहिलेली. म्हणजे डेव्हिएशन, मंजूर पद्धत सोडून काम करण्याची परवानगी.

डेव्हिएशनचा फॉर्म पोर्टलवर भरायचा. मूळ कारणाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सिम्युलेशनमधली गृहीतकं आणि शॉपमधली परिस्थिती यांत तफावत’. तीन दिवसांनी फॉर्म परत. शेरा: हे कारण यादीत नाही. यादी उघडली तर माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत एवढंच. ‘पद्धत’ निवडलं, पाच वेळा ‘का’ विचारून पाच उत्तरं लिहिली, टेस्ट रिपोर्ट आणि सोल्डरच्या तुकड्यांचे फोटो जोडले. फाईल ५ एमबीच्या आत हवी, नाहीतर पोर्टल काही न बोलता गिळून टाकतं. मी दोनदा पाठवून ‘सबमिट झालं’ समजून बसले होते. मधे दिवाळी आली, तिकडचा माणूस रजेवर. मंजुरी १४ नोव्हेंबरला मिळाली. २६ नोव्हेंबरला तीनशे नगांची सलग रन झाली, आणि पीपीएपीची, म्हणजे भाग उत्पादनाला मंजूर झाल्याची, सही २० डिसेंबरला.

वरखर्च: दुसरं सिम्युलेशन २५,९६०, टेस्ट ११,८००, रीकट ६२,०००, प्रेसचं भाडं १०,५००. एक लाख दहा हजारांच्या थोडं वर. फुकट गेलेला पत्रा धरलेला नाही, तो अण्णांना अजून सांगितलेला नाही.

या मार्चमध्ये दुसऱ्या एका कामाचं सिम्युलेशन पाठवलं. या वेळी रिपोर्टसाठी थांबले नाही. आधी दुसरं पान मागितलं, रन सुरू करण्याआधी. त्यावर मामांना बसवलं. त्यांनी पेनाने तीन ओळी खोडल्या आणि घर्षणाच्या आकड्यासमोर लिहिलं, ‘सकाळ / दुपार वेगळे’. पुण्याच्या मुलाने तीन रन पाठवल्या: एक मधली, एक सगळ्यात वाईट कॉइलची, एक सगळ्यात चांगल्या कॉइलची. पाच हजार जास्त घेतले. कोन एक न येता ‘साडेतीन ते पाच’ असा आला. कस्टमरच्या फॉर्ममध्ये एकच आकडा भरायची जागा आहे, तिथे मी ४.२ भरलं.

ब्रॅकेटचं काम चालू आहे. जानेवारीत नवी कॉइल आली, सर्टिफिकेटवर यील्ड ३८५, आणि पहिल्याच नगाची फ्लँज आत गेली. मामांनी रीस्ट्राइकखालची ०.२ ची शिम काढली, नग परत बसवला आणि पाठ शिवलेल्या वहीत नोंद केली: हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक), यील्ड, शिम किती. आता त्या वहीत सात ओळी झाल्या आहेत. परवा पुण्याच्या मुलाने व्हॉट्सॲपवर विचारलं, त्या पानाचा फोटो मिळेल का म्हणून. मामा म्हणाले, “पाठव. पण त्याला म्हणावं, पहिलं पान आधी बघ.” पहिल्या पानावर आमच्या पाचही प्रेसचे सोल्डरचे आकडे आहेत.